सड्यावरची केळ

आबा, तुम्ही कशाने गेलात ते मला आता कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या हाताखाली शिकलेले गवंडीसुद्धा हल्ली नातवंडं खेळवतात, आणि मी हातखंब्याच्या सड्यावर, ह्या उघड्या कातळमाळावर, तुमच्याच जुन्या चौथऱ्यावर झापांची कचेरी उभारून हे लिहीत बसलोय. पटकीने गेलात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. ती पटकी कुठून आली हेही आम्हाला ठाऊक आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. ते खोटं निघालं. खोटं निघालं म्हणजे असं, की त्या दिवसापासून मी जेवायला बसतो आणि भात तसाच निवतो, बायको विचारते काय झालं, मी म्हणतो पित्त. तुम्ही म्हणायचात, तोंडाने सांगता येत नाही ते कागदावर मांडावं, निदान ओळी तरी सरळ येतात. म्हणून मांडतोय.

आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यापासून सुरू करतो, कारण माझी अक्कल तिथून सुरू झाली. तुम्ही तेव्हा कंत्राटदाराचे मोठे मुकादम. रस्त्याचं, पुलाचं काम लागायच्या आधी माळावर जायचं आणि साहेबासाठी, कारकुनांसाठी, नकाशे काढणाऱ्यांसाठी दिवाळीपासून मिरगापर्यंत टिकेल अशी कचेरी उभी करायची, ही तुमची कला. माडाचे झाप, बांबू, काथ्याचं सुंभ आणि चार गडी. मी पाण्याची कावड वाहून वाहून तुमच्या नजरेत आलेला, मिसरूड नुकतं काळं झालेलं, आणि तुम्ही मला पहिल्यांदा एकट्याला पाठवलंत. मी कचेरी समुद्राकडे तोंड करून बांधली. टेबल मांडलं, खुर्ची मांडली, खुर्चीमागे साहेबाची टोपी अडकवायला खुंटी ठोकली. तुम्ही बैलगाडीतून उतरलात, खुंटीकडे बराच वेळ बघितलंत.

"टोपीची सोय उत्तम झाली. साहेब प्यायचा काय?"

"गावातल्या विहिरीवरून कावड आणू, आबा."

"कोणाची विहीर? विचारलंस त्यांना? बरं, तो अंघोळ करील ते पाणी कुठे जाईल?"

"जाईल की वाळूत."

"वाळूत जाईल. आणि वाळूतून?" तुम्ही बोट दाखवलंत. कचेरीच्या खालच्या अंगाला एका म्हाताऱ्याने पिण्यापुरती बावडी खणलेली होती, आणि म्हातारा तिच्या काठावर बसून आमची मजा बघत होता. "फटकी भरो तुला. त्या बापड्याला साहेबाचा साबण पाजणार तू?"

गडी हसले. म्हातारा सगळ्यांत जास्त हसला. ती कचेरी तुम्ही माझ्याच हातांनी उतरवलीत आणि बावडीच्या पार पलीकडे, उताराच्या दुसऱ्या अंगाला पुन्हा बांधायला लावलीत. मी बांबू सोडत असताना तुम्ही वाळूत उकिडवे बसून मला म्हणत होतात, आधी पाणी, मग सांडपाणी, मग खुर्ची. साहेबाला खुर्ची लागते म्हणून तो खुर्ची आधी मागेल. देऊ नकोस. उभा राहू दे. हे वाक्य मी पुढे खऱ्याखुऱ्या साहेबांना ऐकवलंय, आबा, थोडं गोड करून, आणि त्यांनी मला त्यासाठीच काम दिलंय.

त्या हंगामाच्या शेवटी तुम्ही मला तुमची पाणसळ दिलीत. सागवानी, मध्ये काचेची नळी, नळीत तो बुडबुडा. उतार बघताना माणसाचा डोळा फसतो, हा फसत नाही, असं म्हणालात आणि लगेच तोंड फिरवून गाडीवानाला ओरडलात, कारण देताना तुम्हाला नेहमीच लाज वाटायची. ती माझ्यासमोर आहे. काचेला चरा गेलाय, बुडबुडा अजून शाबूत आहे.

आणि प्रत्येक कचेरीच्या न्हाणीच्या तोंडाशी तुम्ही केळ लावायचात. ते कोणी तुम्हाला शिकवलं नव्हतं आणि तुम्ही आम्हाला शिकवलं नाहीत. आपल्याकडे सांडपाणी कधी फुकट गेलंय का? न्हाणीचं पाणी माडाला, भांडी घासल्याचं केळीला, हे प्रत्येकाच्या परसात. केळ लागली की ती हंगामी झापांची खोपटी एकदम घर दिसायची. काम रेंगाळून पुढच्या हंगामात गेलं तर घड धरायचा, तो तुम्ही गड्यांत वाटायचात आणि म्हणायचात, "खा. साहेबाने अंघोळ केली, आपल्याला केळी झाली. ह्याहून जास्त काही तो देणार नाही."

पुढे हातखंब्याचं काम निघालं, पण तिथल्या सड्यावर माती कुठली? नजर जाईल तिथवर जांभा, उन्हात तव्यासारखा. पण तुम्हाला कचेरीच्या पश्चिमेला कातळात एक खळगी सापडली. खळगीत माती टिकेल म्हणून तुम्ही खूश झालात. खालच्या महारवाडीतल्या बायका आपल्याकडे खडी फोडायला होत्या, त्यांनी टोपल्यांनी माती वाहून ती भरली, तुम्ही भोवती दगड रचून आळं केलंत आणि केळ लावलीत. पिण्याचा झरा सड्याच्या पूर्वेला, कड्याखाली. मध्ये कचेरी. मला दिलेली तीच पाणसळ मागून घेऊन तुम्ही उतार पाहिलात, ओळंब्याची दोरी मीच धरली होती. पाणी पश्चिमेकडे जाणार, झऱ्याकडे पाठ करून जाणार, ह्यात शंकाच नव्हती. मी हे पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय. तुमच्या रीतीत कुठेही चूक नव्हती.

मग तुम्ही मला परत आरे-वाऱ्याला धाडलंत, तिकडच्या पुलाला तडा गेला म्हणून. त्यामुळे पुढचं मी ऐकीव जाणतो. पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. तुम्हीच म्हणायचात, ह्याच्या कानाला चाळण नाही, सगळं आत राहतं.

मुंबईहून बोटीने एक नकाशेवाला आला. बोटीतच त्याचं पोट बिघडलं होतं. तो कचेरीत आडवा पडून राहिला, त्याची धोतरं न्हाणीत धुतली गेली, मग तो बरा झाला आणि रेघा मारायला लागला. कोणी लक्षात ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. नंतर गवंड्यांत पटकी शिरली. एक गेला, दुसरा गेला, माणसं रातोरात गावांकडे पळायला लागली. तेव्हा कोणालातरी आठवलं, की एका दुपारी पाणक्या वेळेवर आला नाही म्हणून खडी फोडणाऱ्या बायकांनी आपल्या हाताने झऱ्यात घागरी बुडवल्या होत्या. त्यांना झऱ्याला हात लावायची बंदी. पाणक्याने वरून ओतायचं, त्यांनी खालून घागर धरायची, तो आला नाही तर उन्हात वाट बघायची. त्या दिवशी त्यांनी वाट बघितली नाही.

तुम्ही त्यांना कामावरून हाकललंत. हातखंब्याच्या तिठ्यावर आणि आसपासच्या गावांत ढोल वाजवून दवंडी पिटलीत, की ह्या बायकांनी पाणी बाटवलं म्हणून देवी कोपली, आता झरा शुद्ध केलाय, गड्यांनी निर्धास्त परत यावं. नारळ फोडलात, गोमूत्र शिंपडलंत. तरीही कोणी पाण्याजवळ यायला धजेना, तेव्हा तुम्ही तांब्या भरलात आणि सगळ्यांच्या देखत घटाघटा रिकामा केलात. "हा बघा, मी प्यालो. आता भ्यायचं कारण काय?"

निरोप मिळून मी पोहोचलो तोवर तुमची राख निवली होती. कंत्राटदाराने काम थांबवलं, कचेरी मोडली, न्हाणीही अर्थात मोडली, आणि पटकी गेली. लोक म्हणाले, बायकांना हाकललं म्हणून गेली, आबांनी जीव दिला म्हणून गेली. झऱ्याच्या वर तुमच्यासाठी एक चिरा बसवलाय. इकडे काम लागलं की पहिला नारळ त्याच्यापुढे फुटतो. मीही फोडलेत. 

तुमच्यामागे मी मुकादम झालो, मग लहान कंत्राटं घ्यायला लागलो, मग मोठी. आता माझ्या चार गाड्या आहेत आणि एक जुनी मोटार आहे, ती चढावर बैलांपेक्षा जास्त पाणी पिते. रत्नागिरीत हल्ली सगळ्या जातींनी एका पंगतीला बसायचे कार्यक्रम होतात. मीही एकदा जाऊन जिलबी खाऊन आलो, लोकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कामावर पाणक्या वरून ओततच होता, बायका खालून घागर धरतच होत्या, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. जिलबी पचली.

यंदा ह्याच सड्यावरून जाणाऱ्या रस्त्याचं काम मला मिळालं. मी हट्टाने तुमचा जुना चौथरा शोधला. न्हाणी होती तिथेच न्हाणी केली, पोफळीची पन्हळ तुम्ही टाकली होतीत तशीच पश्चिमेकडे टाकली. तुमचं आळं सापडलं, दगड जागच्या जागी होते, आत माती खाली बसून घट्ट झालेली. तीत मी नवी केळ लावली, तुमची आठवण म्हणून. हात जोडले.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी कचेरीत खालीच आडवा झालो. चौथऱ्याचा चिरा गार लागतो, उशी न घेता कान टेकला की बरं वाटतं. माझा कारकून देशावरचा, गुळण्या करताना नगाऱ्यासारखा आवाज काढतो. तो न्हाणीत गुळण्या करत होता. त्याने बादली उपडी केली. पाणी पन्हळीतून वाजत पश्चिमेला गेलं, ते मी डोळे मिटून ऐकलं, आणि डुलकी लागणार एवढ्यात तेच पाणी माझ्या कानाखालून, दगडाच्या आतून, पूर्वेकडे निघालं.

मी उठून बसलो.

"अजून एक बादली ओता हो."

"माझे हात धुऊन झाले, शेठ."

"तरी ओता."

त्याने ओतली. मी पुन्हा कान लावला. पन्हळीत खळखळ, मग काही नाही, मग खोलवर, कोणीतरी बंद खोलीत भांडी विसळावीत तसा आवाज, पश्चिमेकडून सुरू होऊन माझ्या डोक्याखालून झऱ्याच्या बाजूला.

"काय ऐकताय एवढं?"

"पाणी परत येतंय."

"कुठून?"

"माझ्या उशाखालून."

तो हसला. मला झोपेत बरळायची सवय आहे अशी त्याची समजूत झाली असावी. मी बाहेर जाऊन आळ्यातली नवी केळ उपटली आणि हातांनी माती काढायला लागलो. खोरं घेऊन ये, असं कोणाला सांगायचंही सुचलं नाही. माती हातभर होती. तिच्याखाली खळगीचा तळ नव्हता. तिथे कातळात भोक होतं, घागर सहज जाईल एवढं. मी आत हात घातला, खांद्यापर्यंत गेला, आणि तळहाताला गार वारा लागला. उन्हात तापलेल्या सड्यावर, आबा, खालून गार वारा. जांभा वरून एका बाजूला उतरतो आणि त्याच्या पोटातली चिकणमाती दुसऱ्या बाजूला उतरते, हे मला तिथे पालथा पडलेला असताना कळलं. पाणसळ वरचा उतार सांगते. तिला आतलं कुठून दिसणार?

तरी माझा विश्वास बसेना. तिठ्यावरच्या दुकानात होती तेवढी सगळी नीळ मी उचलली. दुकानदार म्हणाला, "घरात लगीन काडलाव काय, शेट?" मी म्हटलं, "जुनं धुणं आहे." वर येऊन नीळ बादल्यांत कालवली आणि भोकात ओतत राहिलो. कारकून पाणी आणून देत होता, काही विचारत नव्हता. माझं तोंड बघून घाबरला असणार. ओतून झाल्यावर मी तिथेच बसलो. झऱ्यावर जाऊन बघायचं धैर्य होत नव्हतं. मनात म्हणत होतो, काही होणार नाही, कातळ पिऊन टाकील सगळं.

दिवस कलायच्या आत कड्याखालून पाणक्याचा आवाज आला. "काय टाकलाव गो पान्यात? काय केलाव काय?" मग गड्यांचा गलका. मी कान देऊन उत्तराची वाट बघत होतो. उत्तर आलंच नाही. आला तो हातोड्या टोपलीत पडल्याचा आवाज. एक पडली, दुसरी पडली, तिसरी. बायका भांडल्या असत्या, रडल्या असत्या, तर मी एवढा हादरलो नसतो. त्या नुसत्या हत्यारं गोळा करत होत्या. हे कसं करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

मी उतार धावत उतरलो. ह्या वयात, ह्या पोटानिशी. झऱ्याच्या तोंडातून निळं पाणी येत होतं, स्वच्छ, सुंदर निळं, आणि एका बाजूला गडी, दुसऱ्या बाजूला टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका. त्यांत केस पिकलेली एक, जी तुमच्या वेळच्या कामावर तरुण होती, बाकीच्यांना सांगत होती, "चला गो. बसू नका. दवंडी यायच्या आत घर गाठू."

"थांबा," मी म्हटलं. "नीळ माझी आहे."

पाणक्या म्हणाला, "शेट, तुमी ह्यांच्यावर पांगरून कशाला घालताव?"

मी हात पुढे केले. कोपरापर्यंत निळे होते, नखांत माती.  मग मी सांगितलं: नीळ कुठे ओतली, ती इथे कशी आली, त्या वर्षी कचेरीत कोण आजारी होता आणि त्याची धोतरं कुठे धुतली गेली. सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा सलग ऐकू येत होतं. तोवर माझ्या डोक्यात नुसते तुकडे होते.

पिकल्या केसांच्या बाईने टोपली खाली ठेवली. "म्हंजे कचेरीचा पानी तवाबी हितंच येत व्हता?"

"हो, बाय."

ती दगडावर बसली.  मग म्हणाली, "आमाना हाकललानी, म्हनून आमी ता पानी परत प्यालाव नाय. म्हनून जगलाव." ती हसली नाही, रागावलीही नाही. हिशेब न लागणारी गोष्ट माणूस जशी नुसती समोर मांडून ठेवतो तशी तिने ती मांडली. आबा, तुम्ही ज्यांना हाकललंत त्या वाचल्या, आणि भीती घालवायला तांब्या भरून तुम्ही प्यालात.

मी म्हटलं, उद्या झऱ्याखाली चिऱ्यांची टाकी बांधतो, न्हाणी इथून हलवतो, पटकीच्या साथीत विहिरींत टाकतात ते लाल औषध घालून झरा उपसून काढतो, आणि टाकीला तोट्या लावतो. ज्याला तहान लागेल त्याने आपल्या हाताने तोटी सोडायची. कोणी वरून ओतणार नाही.

"ता बरा झाला," ती म्हणाली. "पन आमचा नाव?"

"आता सांगितलं की सगळ्यांसमोर."

"हितं किती मानसा हायत, शेट? तवा ढोल वाजवलानी. माज्या म्हायेरापतूर दवंडी ग्येली. माज्या लेकीला बगाय आलेली मानसा दारातनं परत ग्येली, म्हनली, ही पटकीवालीची लेक. ती घरातच ऱ्हायली. आनि तुमी हितं कड्याखाली सांगताव."

 दुसऱ्या दिवशी मी ढोलवाल्याला बोलावलं. दवंडी काय द्यायची ते लिहून दिलं: त्या पटकीच्या वर्षी सड्यावरच्या झऱ्याचं पाणी कामावरच्या कचेरीच्या सांडपाण्याने नासलं होतं, खडी फोडणाऱ्या बायकांचा त्यात कणभर दोष नव्हता, त्यांच्यावर आलेला आळ खोटा होता, हो. ढोलवाल्याने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि मान खाजवली. "दोष हाय म्हनून लय दवंड्या मारल्या, शेट. नाय म्हनून कदी मारली नाय. ढोल कसा वाजवू?"

"तसाच. तेवढ्याच जोरात."

मी त्याच्याबरोबर हिंडलो. मोटार गावाबाहेर ठेवून, पायी. तिठ्यावर लोक ऐकायला थांबले आणि ऐकून झाल्यावरही हलले नाहीत, अजून काही यायचं बाकी आहे असं त्यांना वाटत होतं. एका गावात तुमच्या वयाचे एक गृहस्थ ओटीवरून म्हणाले, "मेलेल्या माणसाचं पुण्य काढून घेतोस. तुला अन्नाला लावलं होतं त्याने." मी म्हटलं, "म्हणूनच आलोय, काका." त्यांना ते पटलं नाही. मलाही पुरतं पटलेलं नव्हतं. बाईच्या माहेरी मात्र ढोल संपल्यावर एक म्हातारा पुढे आला, तिचा भाऊ, आणि ढोलवाल्याला म्हणाला, "परत येकदा वाजव." त्याने वाजवला.

टाकी झाली. पाणक्या कावड खांद्याला लावून निघून गेला, काही गडीही गेले. पुढच्या बाजाराच्या सुमारास त्यांतले बरेच परत आले, कारण ह्या दिवसांत काम दुसरीकडे कुठे आहे? पाणक्याला मी तोट्यांवर देखरेखीला ठेवलाय. तो तोंड वाकडं करून उभा असतो आणि कोणी पाणी सांडलं की जात न बघता ओरडतो. न्हाणीचं पाणी आता गाडीवरच्या पिंपातून लांब खाली भाताच्या खाचरात जातं. कचेरी बांधायची माझी रीत आता अशी: आधी नीळ, मग पाणी, मग सांडपाणी, मग खुर्ची. नवा साहेब आला तेव्हा अर्धा दिवस उभा होता. तुम्ही असतात तर हसला असतात.

उपटलेली केळ मी फेकलेली नाही. न्हाणीच्या जुन्या जागेशी ती आडवी पडलीय आणि मी जाता-येता तिच्या गड्ड्यावर ओंजळभर पाणी टाकतो. कुठे लावायची ते सुचत नाही.

टाकीवर पहिल्या दिवशी ती बाई घागर घेऊन आली. आपल्या हाताने तोटी सोडली. घागर भरेपर्यंत माझ्याकडे न बघता म्हणाली, "दवंडी आयकली. बेस झाली. केळीचा काय आला नाय तिच्यात."

मी टाकीच्या चिऱ्यावरचा चुना नखाने खरवडायला लागलो.

"माती मीच वाहिली व्हती, शेट. आबा वरनं सांगत व्हते, हितं टाक गो, हितं खोल हाय." तिने तोटी बंद केली, घागर कमरेवर घेतली. "ऱ्हावंदे," म्हणाली आणि गेली.

आबा, तिला तुम्हाला सोडायचा हक्क होता आणि तिने सोडलं. मला तो नव्हता, तरी मी सोडलं. दवंडीचा पहिला कागद मी लिहिला त्यात तुमचं नाव होतं, हुद्दा होता, केळही होती. तो ढोलवाल्याला दिला नाही. दुसरा लिहिला आणि त्यात कचेरी म्हटलं. गावोगाव लोकांनी कचेरीला नावं ठेवली आणि मी त्यांच्यात उभा राहून मान हलवली. पहिला कागद ह्या पानांच्या आत घडी करून ठेवतोय. ही पानंही कुठे जायची नाहीत. झऱ्यावरचा तुमचा चिरा अजून आहे, आणि आज सकाळी कोणी बघत नाहीसं पाहून मी त्याच्यापुढे नारळ फोडला.